गुन्हेनोंद निरसन (मराठवाडा)

गुन्हेनोंद निरसन : एखाद्याविरुद्धची फौजदारी नोंद कायद्याने रद्द, निष्प्रभ किंवा नष्ट करणे. मराठवाड्यात लोक 'केस मिटवली', 'केस काढून घेतली' आणि 'क्वॅश झाली' हे तिन्ही प्रयोग सर्रास एकाच अर्थाने करतात. पहिला तडजोडीचा, दुसरा सरकारने खटला मागे घेण्याचा, तिसरा उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्याचा. तिघांचे परिणाम वेगळे आहेत. सज्ञान व्यक्तीची नोंद सरसकट पुसणारा कायदा भारतात नाही.

गुन्हा रद्द करण्याचा मुख्य मार्ग उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचा. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूद मुळात नव्हती. 1923 च्या दुरुस्तीने कलम 561-अ आले, 1973 च्या संहितेत तेच 482 झाले आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते 528 आहे. हा अधिकार 1923 साली नव्याने मिळाला की आधीपासूनच होता, याविषयी दोन मते दिसतात. ख्वाजा नझीर अहमद प्रकरणात (निकाल 1944 चा, संदर्भ मात्र बहुधा 1945 चा दिला जातो) प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) दुसरे मत उचलून धरले आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. मराठवाडा मात्र त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. केंद्रीय संहिता येथे 1951 मध्ये लागू झाली. त्यामुळे या कलमाचा येथील इतिहास 1923 पासून मोजणे बरोबर नाही.

1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाचे स्थापनावर्ष कोणी 1981 देतात, कोणी 1984. ऑगस्ट 1981 मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने तेथे कामकाज सुरू झाले. तो आदेश आव्हानात सापडला, उच्च न्यायालयाने रद्दही केला. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये नारायण शामराव पुराणिक प्रकरणात तो वैध ठरवला. स्थायी खंडपीठ 1984 चे. पक्षकाराच्या बाजूने पाहिल्यास 1981 हेच वर्ष खरे, कारण मुंबईची वारी तेव्हापासून टळली.

रद्द करण्याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने भजनलाल प्रकरणात (निकाल 1990 चा, संदर्भ 1992 चा) सात प्रकारांत मांडले. तडजोडीच्या आधारे गुन्हा रद्द करण्याची चौकट ग्यानसिंग प्रकरणात (2012) आली. खून, बलात्कार, दरोडा यांना ती लागू नाही. जुन्या (1 जुलै 2024 पूर्वीच्या) भारतीय दंड संहितेतील 498-अ (विवाहितेचा छळ) सारखी घरगुती प्रकरणे तालुक्याच्या न्यायालयात आपसात मिटवता येत नाहीत, म्हणून ती खंडपीठापर्यंत जातात. बांधावरच्या भांडणातले '323, 504, 506' (त्याच संहितेतील मारहाण, अपमान, धमकी यांची कलमे) मात्र तालुक्यातच मिटते आणि अशी तडजोड कायद्याने निर्दोष मुक्ततेइतकीच ठरते.

तपासाच्या पातळीवरच गुन्हा थांबवण्याची मुंबई इलाख्यातील 'समरी' पद्धत येथेही रूढ आहे : 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, 'ब' म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची.

यांपैकी कशानेही पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतील ओळ आपोआप जात नाही. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलमे, फिर्यादी, आरोपी हे रकाने तसेच राहतात. पुढे निकालाच्या रकान्यात 'निर्दोष' किंवा 'रद्द' एवढा एक शब्द चढतो. तो चढलाच नाही तर निर्दोष सुटलेला तरुणही चारित्र्य पडताळणीत 'गुन्हा दाखल' असाच दिसतो. निकालाची प्रमाणित प्रत ठाण्यात देऊन पोच घेणे हे वकिलाच्या फीइतकेच महत्त्वाचे काम आहे. ते वारंवार राहून जाते आणि त्याची किंमत पोलीस भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला मोजावी लागते. अर्जातील 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?' या प्रश्नाला सुटका झाल्यानंतरही 'नाही' लिहिणे चुकीचे. माहिती दडवण्याचे परिणाम अवतारसिंग प्रकरणात (2016) तपशीलाने आले आहेत. क्षुल्लक प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याने चूक माफ करावी, अशी मुभाही तेथे आहे.

बोटांचे ठसे व छायाचित्रे यांचा नियम वेगळा. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ती 75 वर्षे जपली जातात. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती खटल्याविना सुटली किंवा सर्व अपिले संपून निर्दोष ठरली, तर ती नष्ट करायची असतात.

बालकांबाबत कायदा स्पष्ट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करण्याचा आदेश होतो. सोळा वर्षांवरील मुलाला निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे दोषी धरले असेल तर हा लाभ मिळत नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याचे (1958) कलम 12 दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते, दोषसिद्धी नव्हे.

विमुक्त जमातींचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कृत्याआधीच जन्मावरून नोंद केली. मुंबई प्रांताने तो कायदा 1949 मध्ये काढला. देशभर तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मात्र त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. पारध्यांच्या पालावर चोरीच्या चौकशीसाठी पोलीस पहिल्यांदा का येतात, याचे उत्तर कोणत्याही एका गुन्ह्याच्या नोंदीत सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात (3 ऑक्टोबर 2024) कारागृहांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.