डागडुजी की फेरफार? उत्पादन थांबलेल्या डिस्क प्लेअरचं झाकण उघडण्याआधी

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फुल रिस्टोअर, अपग्रेडेड, ओरिजिनल कंडिशन.’ हे तिन्ही एका पेटीत नांदूच शकत नाहीत, हे मला पैसे मोजल्यावर कळलं. सीडी प्लेअर जुना, फिलिप्सच्या टीडीए१५४१ए या गाजलेल्या डॅक चिपचा, म्हणजे डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचा. घरी आणला, अ‍ॅम्प्लिफायर आधी चालू केला, मग प्लेअरचं बटण दाबलं आणि स्पीकरमधून ‘धप्प’ असा आवाज आला. बंद करताना पुन्हा तसाच. गाणं मात्र सुरेख वाजत होतं.

आमच्या जळगावातच एक काका आहेत. रेडिओ, टेप, व्हीसीआर असं सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय. त्यांनी झाकण काढलं, बॅटरी मारली आणि अहिराणीत म्हणाले, “हाई काय करी टाकं रे भो?” आउटपुटपाशी चार जागा रिकाम्या होत्या. सुरू-बंद करताना येणारा धक्का जमिनीत उतरवणारे म्यूटचे छोटे ट्रान्झिस्टर तिथे असायला हवे होते. ते सिग्नलच्या वाटेवर बसतात म्हणून आवाज मळतो, असं मानणारा एक पंथ आहे. आधीच्या मालकाने ते उपटले होते. त्याच्या लेखी ते अपग्रेड होतं, मला विकताना त्याचं ‘रिस्टोअर’ झालं.

मी तेव्हापासून या दोन कामांना दोन वेगळी नावं देतो. एक डागडुजी, दुसरं फेरफार. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. तेच झाकण, तोच सोल्डर, टेबलावर तोच कंडेन्सरांचा ढीग. ‘सर्व्हिस केलाय’ या एका शब्दात दोन्ही खपतात. फरक आहे तो काम बरोबर झालं की नाही, हे कोणाला विचारायचं यात. डागडुजीला एक बरोबर उत्तर असतं आणि ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. अमुक ठिकाणी इतके व्होल्ट, तमुक ठिकाणी ऑसिलोस्कोपवर असा आकार. फेरफाराला असं उत्तर नसतं. तिथे न्यायाधीश म्हणजे मालकाचा कान, आणि कान बदलला की निकालही बदलतो. फेरफार वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. सातबाऱ्यावरही फेरफार होतातच. पण तिथे प्रत्येक बदल गाव नमुना ६ मध्ये नोंदला जातो, म्हणून आधी जमीन कोणाची होती ते नंतरही सांगता येतं. प्लेअरच्या बाबतीत ही नोंदवहीच कोणी ठेवत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कंडेन्सरमध्ये, आणि खान्देशात तो विषय टाळताच येत नाही. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. त्या तापमानाला तो अमुक तास टिकेल, असा त्याचा अर्थ. साध्या प्रतीचा माल २,००० तासांचा धरू. कारागिरांचा ठोकताळा असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. पेटीच्या आत ४५ अंश असतील तर ८५ अंशवाला कंडेन्सर ३२,००० तास जगतो. आत ६५ असतील तर ८,०००. रोज चार तास प्लेअर लावला तर पहिला हिशेब जवळजवळ बावीस वर्षांचा आणि दुसरा साडेपाच वर्षांचा. आता आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो. त्यात प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. मग पेटीच्या आत किती झाले असतील ते तुम्हीच धरा. म्हणून इथल्या जुन्या प्लेअरचे कंडेन्सर बदलावे लागणं यात नवल काही नाही. ती डागडुजीच.

पण कधीपर्यंत? २,२०० मायक्रोफॅरडच्या जागी तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, चांगल्या कंपनीचा नवा बसवला, तर सर्किटला काही कळतही नाही. ८५ अंशवाल्याच्या जागी १०५ अंशवाला लावला तरी मी त्याला डागडुजीच म्हणेन. काटेकोर संग्राहक नाक मुरडतील, मुरडू देत. पण ‘बेस वाढतो’ म्हणून २,२०० च्या जागी १०,००० कोंबला की आपण हद्द ओलांडली. बटण दाबताच तो कंडेन्सर भरायला एकदम मोठा करंट ओढतो. त्याचा मार रेक्टिफायरच्या डायोडला आणि फ्यूजला बसतो. मग कोणीतरी फ्यूजही मोठा टाकतो, आणि खरी भीती तिथून पुढे सुरू होते. डागडुजीतही एक अति असतं. ‘फुल रिकॅप’च्या, म्हणजे सगळेच कंडेन्सर बदलण्याच्या हौसेने मोजमाप न करता चांगलेही कंडेन्सर उपटले जातात आणि जुन्या बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक सोबत उचकटून येतो. आधी मोजा, मग काढा.

लेन्सचं प्रकरण आणखी फसवं. आपल्याकडे सगळे ‘लेन्स गेली’ म्हणतात, पण ‘लेन्स’ या एका शब्दात लेसर, आरसे, कॉइल असा सगळा पिकअप येतो. डिस्क अडकायला लागली की खालच्या पायऱ्या आधी चढायच्या. लेन्स पुसा, घसरपट्टीवरचं वाळून चिकट झालेलं जुनं ग्रीस आयसोप्रोपाइल अल्कोहोलने काढून नवं अगदी थोडं लावा, ट्रेचा रबरी बेल्ट ताठरला असेल तर बदला. निम्मे प्लेअर एवढ्यावर ताळ्यावर येतात. आणि कूलरच्या झोतासमोर प्लेअर ठेवू नका. उन्हाळ्यात आपला कूलर ओल आणि धूळ दोन्ही एकदम फेकतो आणि लेन्सवर त्याचा थर बसतो. हे मला कुठल्या मॅन्युअलने सांगितलं नाही, घरच्या अनुभवाने शिकवलं.

एवढं करूनही डिस्क वाचत नसेल, तर काही जण पिकअपवरचा बारीक स्क्रूसारखा पॉट, म्हणजे करंट कमी-जास्त करणारा खटका, फिरवतात. लेसरचा करंट वाढतो, डिस्क धडाधड वाचली जाते, गिऱ्हाईक खूश. ही डागडुजी नाही आणि फेरफारही नाही. थकलेल्या बैलाला पराणी टोचून नांगर ओढून घेण्याचा हा प्रकार आहे. थोड्या दिवसांनी लेसर कायमचा जातो. विकत घेताना जमलं तर त्या पॉटकडे नीट बघा. त्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे दिसले तर किंमत निम्म्यावर आणा किंवा सरळ घरी या. नवा पिकअप बसवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सोनीच्या केएसएस-२१३ सारखे पिकअप येतात तेव्हा स्थिर विजेपासून बचावासाठी त्यांवर सोल्डरचा एक छोटा ठिपका दिलेला असतो. तो काढला नाही तर लेसर पेटतच नाही आणि माणूस नव्या पिकअपला शिव्या घालत बसतो. पिकअपची पट्टीसारखी केबल आधी जोडायची, ठिपका मग काढायचा.

आता फेरफाराकडे वळू, कारण खरी मजा तिथे आहे, हे मीही कबूल करतो. माझ्या प्लेअरमध्ये म्यूटच्या ट्रान्झिस्टरखेरीज आणखी एक गोष्ट गायब होती. टीडीए१५४१ए च्या आधी एसएए७२२० ही डिजिटल फिल्टरची चिप असते. सीडीवरून सेकंदाला ४४,१०० नमुने येतात, ही चिप ते चौपट करून १,७६,४०० वर नेते. त्यामुळे नमुन्यांतून आवाज घडवताना वरच्या पट्ट्यात उमटणारी नको असलेली प्रतिबिंबं ऐकू येणाऱ्या पट्ट्यापासून लांब सरकतात आणि पुढचा अ‍ॅनालॉग फिल्टर साधा ठेवला तरी चालतो. एनओएस (नॉन-ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे नमुने न वाढवता) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फेरफारात ही चिप काढून टाकतात. आवाज ‘नैसर्गिक’ होतो असा दावा असतो. होतं काय, तर २० किलोहर्ट्झपाशी पातळी सुमारे ३ डेसिबलने उतरते, म्हणजे टोकाची किणकिण मऊ होते. शिवाय २२.०५ किलोहर्ट्झच्या वरची प्रतिबिंबं साध्या फिल्टरमधून पुढे निसटतात. काहींना तो मऊपणा आवडतो. मलाही रात्री भजनं ऐकताना आवडला. पण टाळ वाजले की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं, आणि हे हरवलेलं म्हणजे ते ३ डेसिबल, हे आकडा हाती आल्यावर कळलं. अशा बऱ्याच प्लेअरमध्ये ही चिप पुढच्या सर्किटला घड्याळाची लय पण पुरवते. नुसती उपटली की यंत्र मुकं होतं. तिच्याऐवजी वेगळं घड्याळ जोडावं लागतं, म्हणजे एका फेरफाराच्या पोटी दुसरा.

आयसी बदलण्याची हौस त्याहून सोपी दिसते. एनई५५३२ हा ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी चिप, काढा, महागडा ऑप-अ‍ॅम्प लावा. सॉकेट असलं की पाच मिनिटांचं काम. पण वेगवान ऑप-अ‍ॅम्पला पिनेच्या अगदी जवळ पुरवठ्याचा छोटा कंडेन्सर लागतो. तो नसेल तर ऑप-अ‍ॅम्प कानाला न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात थरथरत राहतो, तापतो, आणि मालक म्हणतो, ‘काय खुला आवाज आहे!’ ऑसिलोस्कोप न लावता केलेल्या अशा कामावर माझा विश्वास नाही. आउटपुटचे, डीसी (एकाच दिशेचा करंट) अडवणारे कपलिंग कंडेन्सर काढून थेट तार जोडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. चिपमधून डीसी आला तर पुढे अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्यापुढे स्पीकर.

आत्तापर्यंत सीडीचं झालं. ब्लू-रेच्या पिढीत हाच घोळ सॉफ्टवेअरमध्ये शिरला. ओप्पो डिजिटल या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये नवीन उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि यूडीपी-२०३ व यूडीपी-२०५ हे तिचे ब्लू-रे प्लेअर एका रात्रीत संग्रहाच्या वस्तू झाल्या. (गोलाणी मार्केटमध्ये जाऊन ‘ओप्पोचा प्लेअर’ म्हणालात तर तुमच्या हातात मोबाईल ठेवतील. नावाचं नातं आहे, वस्तूचं नाही.) दोन्हींचं चित्र जवळपास एकसारखं. २०३ मध्ये एकेएम या जपानी कंपनीची एके४४५८ ही डॅक चिप आणि वजन सव्वाचार किलोच्या आसपास. २०५ मध्ये ईएसएसच्या दोन ईएस९०३८प्रो, ऑडिओसाठी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, एक्सएलआर आउटपुट, वजन दहा किलो. २०३ मध्ये बाहेरून लिनिअर (ट्रान्सफॉर्मरवाला) वीजपुरवठा बसवून ‘२०५ करून देतो’ म्हणणारे भेटतात. पुरवठा बदलता येतो, पण त्या दोन चिप आणि त्यांच्यामागचं अ‍ॅनालॉग सर्किट कुठून आणणार? एचडीएमआयने रिसीव्हरला जोडणार असाल तर ते सर्किट वापरलंच जात नाही. मग २०३ आहे तसा पुरे.

कंपनीने स्वतः दिलेलं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकणं ही डागडुजी. डॉल्बी व्हिजनची सोय या प्लेअरांना २०१७ मध्ये अशाच अपडेटने मिळाली. जेलब्रेक, म्हणजे कंपनीने सॉफ्टवेअरला घातलेली कुलपं तोडणं, हा फेरफार. तो करण्याचं मोठं कारण म्हणजे रीजन, म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क चालतील ते ठरवणारा कोड. अमेरिकेतून भाच्याने आणलेला प्लेअर डीव्हीडीसाठी रीजन १ आणि ब्लू-रेसाठी रीजन ए चा असतो. आपला भारत ५ आणि सी मध्ये. फोर-के डिस्कला रीजनची भानगड नाही, म्हणून कित्येकांना हे वर्षभर कळतही नाही आणि मग एक दिवस जुनी डीव्हीडी टाकल्यावर प्लेअर नकार देतो. जेलब्रेक करायचाच असेल तर आधी कंपनीची शेवटची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. कंपनी थांबली की तिचा सर्व्हरही किती दिवस चालेल, कोण सांगणार? आणि अमेरिकेच्या यंत्राची पिन लावण्याआधी मागचं लेबल वाचा. त्यावर १००-२४० लिहिलंय की नुसतं १२०, की व्होल्टेजचा खटका आहे, ते बघा. तो खटका बघायला विसरलेल्या माणसाकडे विचारण्यासारखं काही उरत नाही.

सुट्या भागांची परिस्थिती वाईट आहे आणि ती सुधारणार नाही. एकेएमच्या जपानमधल्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली तेव्हा चालू कंपन्यांनाही चिप मिळेनात, मग थांबलेल्यांची काय कथा. टीडीए१५४१ए च्या मुकुटाच्या खुणेच्या खास आवृत्तीवर तर नकली छाप मारून विकणारे बसलेच आहेत. त्यामुळे मी तोच प्लेअर मेलेल्या अवस्थेत दिसला तरी घेतो, भंगाराच्या भावात. एकाचा पिकअप, दुसऱ्याचा डिस्प्ले, तिसऱ्याची मोटर.

माझ्या प्लेअरची एसएए७२२० अशाच एका मेलेल्यातून निघाली. विकणाऱ्याला आधी फोन केला होता. काढलेली चिप ठेवली आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, “ती कशाला ठेवू दादा, प्लेअर वाजतोय ना?” काकांनी चिप बसवली, घड्याळाची जोडणी मूळ जागी नेली, म्यूटचे ट्रान्झिस्टर लावले. ‘धप्प’ गेला, टाळ परत आले. रात्रीच्या भजनांचा मऊपणा थोडा कमी झाला, हेही खरं. म्हणून आधीच्या मालकाने बसवलेलं ते छोटं घड्याळ मी फेकलं नाही. झिपच्या पिशवीत घातलं, तारीख टाकली आणि पिशवी झाकणाच्या आतल्या बाजूला, गरम होणाऱ्या भागांपासून दूर, चिकटवून ठेवली. शेजारी वहीचं घडी घातलेलं पान आहे. त्यावर वर ‘नमुना ६’ असं काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय आणि खाली चार नोंदी आहेत, चौथी बेल्टची.