तोळ्याचा एकशेऐंशीवा भाग

जळगावच्या सराफ बाजारात आज तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. इंग्रजी अमदानीत १८३३ साली ठरलेला तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा होता. हा आडनिडा आकडा आला ग्रेनवरून. १८० ग्रेनचा एक तोळा, आणि चांदीच्या रुपयाचं वजनही तेवढंच. सोन्याच्या व्यवहारातून ग्रेन केव्हाच गेला. नेमबाजीच्या काडतुसांमध्ये तो अजून टिकून आहे. गोळी किती ग्रेनची, आत दारू किती ग्रेन, याच भाषेत जगभरचे नेमबाज बोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. स्पर्धेसाठी हाताने काडतूस भरणारा माणूस दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत. एका गुंजेचे अठरा-एकोणीस भाग केले तर त्यातला एक भाग.

एवढी बारीक तोल-मोल कशासाठी? जास्त जोर मिळावा म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात स्पर्धेतला नेमबाज बऱ्याचदा कारखान्याच्या काडतुसापेक्षा कमी जोराचं काडतूस भरतो. त्याला हवा असतो सारखेपणा. पहिली गोळी जशी गेली तशीच साठावी जावी, म्हणजे चूक झालीच तर ती हाताची होती की काडतुसाची हे त्याला कळतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं मोल इथेच आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला छोटा प्राइमर (ठोका बसताच पेट घेणारी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं असतं. हे प्रमाण विचारपूर्वक निवडलेलं आहे. बार उडाला की पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे हत्यारात काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि वायूला मागे यायला वाट ठेवत नाही. दाब उतरला की तीच पुंगळी किंचित आक्रसते आणि सहज बाहेर निघते. शिसं फुगून तसंच राहिलं असतं, कडक पोलाद पुरेसं फुगलंच नसतं. चार भागांत सर्वांत महाग पुंगळीच, आणि तीच पुन्हा वापरता येते. हाताने काडतुसं भरण्याची सगळी परंपरा या एका गोष्टीवर उभी आहे. अर्थात प्रत्येक वेळी फुगून-आक्रसून पितळ कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी चीर पडते. अशी पुंगळी बाजूला काढायची असते.

आता दारूकडे येऊ, कारण ती थेट आपल्या शेतातली गोष्ट आहे. धरणगाव, अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात कापूस जिनिंगला गेला की रुई वेगळी होते आणि सरकी उरते. त्या सरकीला चिकटलेली आखूड लव म्हणजे लिंटर. सूत कातायला ती निरुपयोगी, पण जवळपास शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणातून ती काढली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. बाझेलचे रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान फ्रीडरिश श्योनबाइन यांनी १८४६ मध्ये हा शोध जाहीर केला. दिसायला साधा कापूस, पण ठिणगी लागली की राख न ठेवता क्षणात नाहीसा होणारा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या फेवरशॅमचा असा कापूस बनवणारा कारखाना स्फोटात उद्ध्वस्त झाला. तंतूंच्या पोकळीत आम्ल अडकून राहतं आणि माल आतल्या आत नासवतं, हे तेव्हा उमगलेलं नव्हतं. १८६० च्या दशकात फ्रेडरिक एबल यांनी कापसाचा लगदा करून तो पुन्हा पुन्हा धुण्याची पद्धत बसवली, आणि १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजला लुकणासारखं मऊ करून, त्याच्या पातळ चकत्या पाडून पहिली यशस्वी बिनधुराची दारू बनवली.

गंधक, कोळसा आणि सोऱ्याची काळी दारू जळली की तिचा अर्ध्याहून अधिक भाग घनरूपात मागे राहतो. धूर आणि नळीतली काजळी त्याचीच. नायट्रोसेल्युलोज जवळजवळ पूर्ण वायू होतं. म्हणून तेवढ्याच कामाला ते फार थोडं लागतं.

व्हिएय यांचं दुसरं काम मला पहिल्याइतकंच मोठं वाटतं. दारू किती वेगाने जळते हे भोवतालच्या दाबावर अवलंबून असतं, याचा नियम त्यांनी मांडला. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू लवकर साठतो, वायू साठला की दाब आणखी वाढतो. उघड्यावर ही दारू फुरफुरत जळते. तीच पुंगळीत बंद केली की मिलिसेकंदाच्या आत काम संपवते. .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दाबाची मान्य मर्यादा हवेच्या दाबाच्या साधारण ११५० पट आहे, ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात ती सुमारे २४०० पट. गोळी ठरल्यापेक्षा जरा खोल बसली तर आतली मोकळी जागा कमी होते, दाब सुरुवातीलाच वर चढतो आणि वरचं चक्र वेग घेतं. ९ मिलिमीटरच्या छोट्या पुंगळीत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरकही धोक्याचा ठरू शकतो. दारूच्या कणांचा आकारही असाच महत्त्वाचा. चुलीत पऱ्हाटीच्या काड्या भसकन पेटतात आणि बाभळीचा ओंडका सावकाश जळतो, तसंच इथे आहे. पिस्तुलाची नळी आखूड, म्हणून तिला बारीक कणांची झपाट्याने जळणारी दारू लागते. रायफलला सावकाश जळणारी. झपाट्याने जळणारी दारू रायफलच्या काडतुसात पडली तर हत्यार फुटू शकतं.

आता साडेसहा मिलिग्रॅमच्या हिशोबाकडे वळू. समजा दारूतल्या बारीक फरकामुळे .३८ ची एक गोळी सेकंदाला २३० मीटर वेगाने निघाली आणि पुढची २२५ ने. लक्ष्य २५ मीटरवर. पहिली गोळी वाटेत गुरुत्वाकर्षणाने सुमारे ५८ मिलिमीटर खाली येते, दुसरी साडेसाठ. फरक अडीच मिलिमीटरच्या आसपास. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर अचूकतेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे वेगातली ही तफावत त्या वर्तुळात कुठल्या कुठे विरून जाते. लांब पल्ल्याच्या रायफलला वेगाचा सारखेपणा जीव की प्राण असतो, पिस्तुलाला तितका नाही. तराजूवर तासन् तास घालवणाऱ्यांना हे पटत नाही, पण गणित स्पष्ट आहे.

मग पिस्तुलात गोळी भरकटते कशाने? मुख्यतः गोळी आणि नळीच्या न जुळण्याने. शिशाची गोळी नळीत तिला फिरकी देण्यासाठी कोरलेल्या आट्यांपेक्षा किंचित जाड हवी. बारीक असेल तर कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवत जातो आणि नळीला त्याचा थर बसतो. गोळीचं बूड वेडंवाकडं असेल तर नळीबाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. नाकापेक्षा बूड नीट असणं जास्त महत्त्वाचं, हे अनेकांना ऐकून नवल वाटतं. रिव्हॉल्व्हरमध्ये तर सहा चेंबर, प्रत्येकाचं तोंड केसभर वेगळं, आणि गोळीला तिथून एक बारीक फट ओलांडून नळीत शिरायचं असतं. त्यामुळे जाणकार नेमबाज कुठला चेंबर कुठे मारतो याची नोंद ठेवतात आणि गोळीची जाडी त्यानुसार निवडतात.

अजून एक उलटी वाटणारी गोष्ट. एकाच रिव्हॉल्व्हरमधून जड, संथ गोळी २५ मीटरवर हलक्या, वेगवान गोळीपेक्षा सहसा वर लागते. संथ गोळी नळीत जरा जास्त वेळ असते, आणि तेवढ्यात रिकॉइलने, म्हणजे बाराच्या उलट धक्क्याने, नळीचं तोंड वर उचललं गेलेलं असतं. पिस्तूल गोळी सुटल्यावर उसळतं असं आपल्याला वाटतं, पण उसळायला सुरुवात गोळी नळीत असतानाच होते.

.३८ स्पेशल १८९८ च्या सुमारास आलं ते काळ्या दारूच्या हिशोबाने, म्हणून त्याची पुंगळी लांब. आजची बिनधुराची दारू त्यात तळाशी पडून राहते. हत्यार वर उचलून मग नेम धरला की दारू प्राइमरकडे सरकते, खाली झुकवून धरला की गोळीकडे, आणि त्यानुसार वेग बदलतो. नेमबाजांनी यावर सुंदर तोड काढली. सपाट तोंडाची १४८ ग्रेनची वॉडकटर गोळी पुंगळीत पार आतपर्यंत बसवायची. मोकळी जागा कमी होते, आणि सपाट तोंड कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतं, त्यामुळे रेषेवरच्या गुणाचा वाद राहत नाही. पण याच मोकळ्या जागेत मोठा धोकाही लपलेला आहे. चुकून दोनदा दारू पडली तरी ती मावते, बाहेर सांडत नाही, आणि गोळी बसवल्यावर कशाचाच पत्ता लागत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून डोळ्यांनी पाहायचं, हा या छंदातला पक्का नियम आहे. आणि तो कुणी मोडू नये.

रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक अडचण येते. एक बार उडाला की रिकॉइल उरलेल्या पाच काडतुसांना मागे खेचतो, आणि जडत्वामुळे त्यांच्या गोळ्या जागेवर राहू पाहतात. पकड सैल असेल तर गोळी पुंगळीतून पुढे सरकते आणि फिरतं चक्र अडवते. म्हणून रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत आत वळवतात. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात तसं करून चालत नाही, कारण तिथे पुंगळी तिच्या तोंडाच्या कडेवरच चेंबरमध्ये टेकलेली असते.

झटपट नेमबाजीच्या आयपीएससी स्पर्धांमध्ये काडतूस फार हलकं करून फायदा उठवू नये म्हणून पॉवर फॅक्टर मोजतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार, भागिले १०००. मायनर, म्हणजे कमी जोराच्या गटाला किमान १२५ लागतो. त्याखाली गेला तर खेळाडू खेळू शकतो, पण त्याचे गुण धरले जात नाहीत. वर सांगितलेली २३० मीटरवाली वॉडकटर जेमतेम १११ भरते, म्हणजे इथे बाद. १२४ ग्रेनच्या गोळीला सेकंदाला सुमारे ३०७ मीटर वेग हवा, १४७ ग्रेनच्या गोळीला सुमारे २५९ पुरतो. गोळीचा संवेग दोन्हींचा सारखाच, तरी जड गोळीचा धक्का सौम्य लागतो. जळालेली दारूही वायू होऊन नळीतून प्रचंड वेगाने बाहेर पडते आणि हाताला आपला धक्का देते. जड, संथ गोळीला दारू कमी लागते, म्हणून तो वाटा घटतो. मर्यादेच्या अगदी काठावर भरणंही शहाणपणाचं नाही, कारण थंडीत वेग उतरतो.

आणि उन्हात चढतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर जानेवारीत धुळ्याची पहाट अनेकदा १० अंशांच्या खाली असते. तापलेली दारू लवकर पेटते, दाब वाढतो. थंडीत बसवलेला हिशोब उन्हाळ्यात जसाच्या तसा उतरत नाही. दुसरं नुकसान सावकाश होतं. नायट्रोसेल्युलोज उष्णतेत हळूहळू विघटित होतं, त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडं आणखी विघटन घडवतात. ती शोषून घ्यायला दारूत डायफेनिलअमाइनसारखा स्थिरकारक मिसळलेला असतो, पण तो संपला की संपला. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसांची पेटी ठेवणं म्हणजे त्या स्थिरकारकाचं आयुष्य जाळणं.

सारखेपणाचं हेच काम कारखान्यात प्रचंड प्रमाणावर चालतं. भुसावळजवळ वरणगावची आयुध निर्माणी, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग असलेली, लहान शस्त्रांची काडतुसं बनवते. भुसावळहून निघणारा एक लोहमार्ग ज्या इटारसीला जातो, तिथल्या निर्माणीत दारू बनते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, घरच्या टेबलावरसुद्धा. अमेरिकेत हा सर्रास चालणारा छंद आहे, आपल्याकडे नाही. म्हणून भरण्याची कृती आणि मापं या लेखात दिलेली नाहीत.

आपल्या नेमबाजांचं त्यावाचून फारसं अडतही नाही. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात ६०० पैकी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली तो प्रकार मोठ्या काडतुसाचा. ऑलिम्पिकमधली पिस्तुलं मात्र .२२ ची किंवा छऱ्याची. .२२ मध्ये पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं आणि बार उडताना ती कड चेपली जाते, त्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरण्यासारखी राहत नाही. इथे सारखेपणा मिळवायचा तो निवडीने. पिस्तूल शिकंज्यात पक्कं आवळतात, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं उडवून पाहतात, आणि ज्या लॉटची भोकं सर्वांत जवळ पडतात त्याच लॉटचा हंगामभराचा साठा घेतात. छऱ्याच्या पिस्तुलातही तेच. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे छरे वेगळ्या डब्यांत मिळतात, आणि आपल्या नळीला कुठले मानवतात हे उडवूनच ठरवावं लागतं. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या छऱ्याच्या हत्याराला शस्त्र परवान्याची गरज नसते. नंदुरबार-शहाद्याकडच्या शिकणाऱ्या मुलामुलींनाही हा प्रयोग प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली रेंजवर करता येईल. दोन डबे घ्यायचे, प्रत्येकातले दहा-दहा छरे हात टेकवून मारायचे, आणि कागदावर सर्वांत लांब दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. पाच छऱ्यांवर निकाल ठरवू नये. इतक्या थोड्या बारांत योगायोगच जास्त बोलतो.