ब्लाँ द न्वार (जर्मन ड्राय वाइन)

ब्लाँ द न्वार म्हणजे काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन. नाव फ्रेंच आहे, अर्थ 'काळ्यांतून पांढरं', आणि शॅम्पेन भागात पिनो न्वार आणि म्यूनिए या काळ्या द्राक्षांपासून केलेल्या फेसाळ वाइनला हेच नाव आहे. जर्मनीत मात्र बाटलीवर हे नाव दिसलं की आत बहुतेक वेळा बिनफेसाची साधी पांढरी वाइन असते, आणि ती जास्त करून श्पेटबुर्गुंडरची. श्पेटबुर्गुंडर म्हणजे आपलं पिनो न्वारच, आणि फ्रान्स-अमेरिकेनंतर ते सगळ्यात जास्त जर्मनीतच पिकतं. श्वार्त्सरिसलिंग (म्हणजे म्यूनिए), ट्रोलिंगर, पोर्तुगीझर यांचीही ब्लाँ द न्वार करतात.

काळ्या द्राक्षातून पांढरी वाइन निघते कशी, हे कळायला नाशिक-सांगलीकडचं एखादं शरद सीडलेस घ्या आणि नखाने साल काढून बघा. आतला गर हिरवट, जवळजवळ पारदर्शक असतो, जांभळा रंग सगळा सालीतच. वाइनच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचंही तसंच असतं, अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं सालीत असतात आणि रेड वाइन करताना रस सालीसकट कित्येक दिवस आंबवतात म्हणून ती लाल होते. डुंकेलफेल्डरसारख्या मोजक्या जातींचा गरच लाल असतो, त्यांचं हे जमत नाही.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आणि हलक्या हाताचा. घड अख्खे, मणी न फुटू देता आणायचे, कारण टोपलीतच मणी फुटले की रस तिथेच रंग धरायला लागतो. मग देठासकट प्रेसमध्ये घालून अगदी हळू दाबायचे, जोर वाढला की रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. निघालेला रस कधी कधी फिकट गुलाबी असतो, पण आंबताना यीस्ट थोडा रंग ओढून घेतं आणि वाइन आणखी फिकी होते. तरी राहिलाच तर काहीजण ॲक्टिव्ह कोळसा वापरतात, तो रंगाबरोबर वासही काढून नेतो, त्यामुळे जास्त कोळसा मारलेली वाइन पाणचट लागते आणि एवढ्या जपून आणलेल्या द्राक्षांचं मग वाईट वाटतं.

ड्राय म्हणजे गोड नसलेली वाइन, तिला जर्मनमध्ये 'ट्रॉकन' म्हणतात आणि लेबलवर तोच शब्द शोधायचा. लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आम्लता पुरेशी असेल, म्हणजे साखरेपेक्षा फार तर २ ग्रॅमनेच कमी असेल, तर ९ ग्रॅमपर्यंतही. वाइसहेर्ब्स्टशी मात्र घोळ करू नका, ती एकाच जातीच्या काळ्या द्राक्षांची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन असते.

बाडेन, फाल्त्स, व्युर्टेमबेर्ग आणि आर या भागांत ही वाइन भरपूर होते. आर म्हणजे स्लेट दगडाच्या उभ्या उतारांवरचं छोटंसं खोरं, तिथलं मुख्य पीकच श्पेटबुर्गुंडर, जुलै २०२१ च्या पुरात तिथली कितीतरी तळघरं चिखलाने भरली होती. अशा रेड वाइनच्या मुलखात ब्लाँ द न्वार बागायतदाराला सोयीची पडते, रेड वाइन पिंपात महिनोन्‌महिने मुरते, ही स्टीलच्या टाकीत होऊन वसंतातच बाटलीत जाते, आणि थोडी लवकर तोडलेली द्राक्षं यात उलट चांगली लागतात.

चवीला ती रिसलिंग या जर्मन पांढऱ्या वाइनपेक्षा कमी आंबट आणि जास्त भरलेली, पेअर, पीच आणि मागे कुठेतरी स्ट्रॉबेरी. साधारण ८ ते १० अंशांवर प्यावी, बर्फगार केली तर ती मागची स्ट्रॉबेरी लागतच नाही. ग्लास पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून कडेला बघा, कांद्याच्या पातळ सालीसारखी हलकी झाक दिसते कधी कधी, तो दोष नाही, द्राक्षाच्या सालीचा तेवढाच काय तो उरलेला रंग.