आपटा की कांचन? रोप लावण्याआधी पान नीट बघा

गावच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर आम्ही दहा-बारा जणांनी श्रमदानातून गावरान झाडांची बाग करायला घेतली, तेव्हा यादीत पहिलं नाव आपट्याचं होतं. मोह, पळस, बेहडा त्याच्या खाली. दसऱ्याचं सोनं आपल्याच शिवारातलं असावं, ही सगळ्यांची इच्छा. एका नर्सरीतून ‘आपटा’ म्हणून वीस रोपं आणली, काट्यांचं कुंपण घातलं, दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलं. तिसऱ्या वर्षी झाडांना मोठाली गुलाबी-जांभळी फुलं आली आणि आमचे चेहरे उतरले. तो कांचन होता.

ही गल्लत सहज होते. दोन्ही झाडं बौहिनिया या एकाच प्रजातीसमूहातली. दोघांचंही पान टोकाला दुभंगलेलं, गाईच्या खुरासारखं. पिशवीतल्या रोपावर तर कांचनचं पानही लहानच असतं, त्यामुळे नुसत्या आकारावर जाऊन चालत नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाणाऱ्या आमच्या एका काकूंनी फरक हातात दिला. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, जुन्या आपट्याचं पान तोडून त्या म्हणाल्या, “चिमटीत धरून पाहा.” पान जाड, चिवट, चामड्यासारखं. खालची बाजू फिकट, राखाडी झाक असलेली. लांबी कमी, रुंदी जास्त. मोठ्या झाडावरही पान साधारण दोन ते पाच सेंटिमीटर लांब. मग कांचनचं पान दिलं: पातळ, मऊ, वाढलं की दहा सेंटिमीटरच्या पुढे जाणारं. आपट्याच्या पानाच्या बिड्याही वळतात आणि सालीच्या वाखाचे दोर होतात, हेही त्यांनीच सांगितलं.

झाड मोठं झालं की शंकाच उरत नाही. आपटा बुटका, वाकडातिकडा, फांद्या खाली झुकलेल्या, साल काळपट आणि खरबरीत. फुलं बारीक, पिवळसर पांढरी, उन्हाळ्यात तुऱ्यांनी येतात. लक्ष गेलं नाही तर दिसतही नाहीत. शेंगा जाड, काळपट, महिनोन्महिने झाडावर लोंबत राहतात. कांचनच्या शेंगा चपट्या. वाळल्या की तडकतात आणि पीळ खाऊन बी दूर उडवतात.

कांचनला मी वाईट म्हणत नाही. तोही भारतातलाच आहे, कोवळ्या कळ्यांची भाजी होते, भुंगे-मधमाश्या त्यावर येतात. पण आपल्याकडच्या कोरड्या पानझडी रानात, मुरमाड जमिनीत, आपोआप उगवून टिकणारा तो आपटा. कांचन लवकर वाढतो, फुलांनी खपतो, म्हणून नर्सरीत तोच जास्त दिसतो. दसऱ्याला बाजारात सोनं म्हणून मोठमोठ्या पानांच्या फांद्या विकायला येतात, त्यातही कांचन बराच असतो. ओरबाडलं मात्र दोघांनाही जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

कांचनची ती वीस झाडं आम्ही तोडली नाहीत. धुऱ्यावरच्या आपट्याच्या शेंगा उन्हाळ्याआधी गोळा केल्या. त्या आपणहून लवकर उकलत नाहीत, दगडाने ठेचून बी काढावं लागलं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत लावलं. काकू रोज सकाळी पिशव्यांपाशी बसून एकेक पान चिमटीत धरून बघतात.