तापमानातला फरक बदलताना ३२ मिळवू नका
(प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज आणि वाईनरीच्या ग्राहकांसाठी)

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की अंबडच्या आमच्या वर्कशॉपवर एकच तक्रार वारंवार येते : "कंट्रोलर डिफरन्शियलचा आकडा घेत नाही, बदलून द्या." तपासला की कंट्रोलर ठणठणीत निघतो. चूक असते आकड्यात. डिफरन्शियल म्हणजे कॉम्प्रेसर बंद होण्याच्या आणि पुन्हा सुरू होण्याच्या तापमानांतला फरक.

सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना १.८ ने गुणून ३२ मिळवायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ते मीटरवर दिसणाऱ्या तापमानासाठी. दोन तापमानांतला फरक बदलायचा असेल तर फक्त १.८ ने गुणायचे. दोन माणसे एकाच ओट्यावर चढली म्हणून त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. ३२ हा तसा ओटा आहे, वजाबाकीत तो निघून जातो.

समजा चेंबर ०° सेल्सिअसला लावला आहे आणि डिफरन्शियल २° आहे. म्हणजे तापमान २° झाले की कॉम्प्रेसर पुन्हा सुरू. फॅरनहाइटमध्ये सेटिंग ३२ आणि डिफरन्शियल ३.६. बरेच जण इथे ३५.६ टाकतात. आकडा ओळखीचा वाटतो, कारण कॉम्प्रेसर खरोखर ३५.६ लाच सुरू व्हायला हवा. पण ते तापमान झाले, फरक नव्हे. एखाद्या कंट्रोलरने हा आकडा घेतलाच, तर कॉम्प्रेसर ६७.६° फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ २०° सेल्सिअसला सुरू होईल. तोवर पेट्यांतल्या मालाचे काय होईल, हे बागाईतदाराला सांगायला नको.

एसी-रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिक मंडळींनी सुपरहीटकडेही (गॅस त्याच्या उकळण्याच्या तापमानापेक्षा जितका जास्त गरम असतो, त्या फरकाकडे) असेच पाहावे. १०° फॅरनहाइट सुपरहीट म्हणजे साधारण ५.६° सेल्सिअस, उणे १२ नव्हे. परदेशी माहितीपुस्तिकेत फरक केल्व्हिनमध्ये असेल तर काहीच करायचे नाही, तो सेल्सिअसइतकाच असतो.

एक लॉगर (तापमान नोंदवणारे यंत्र) ३४° फॅरनहाइट आणि दुसरा २° सेल्सिअस दाखवत असेल, तर मात्र आधी ३२ वजा करून आणि १.८ ने भागून पहिला आकडा सेल्सिअसमध्ये आणा (१.१°) आणि मग वजाबाकी करा. फरक ०.९° सेल्सिअस.

आमच्या कॅलिब्रेशन दाखल्यावर 'तापमान' आणि 'त्रुटी' हे रकाने वेगळे असतात, ते याचसाठी. ०.५° सेल्सिअसची त्रुटी म्हणजे ०.९° फॅरनहाइट, ३२.९ नव्हे. कागद लांबतो अशी काहींची तक्रार आहे, तरी आम्ही तो तसाच ठेवणार. आणि परत आलेला कंट्रोलर चांगला निघाला तरी तपासणीचे शुल्क घ्यावे लागते. त्यात आमच्या माणसाचा अर्धा दिवस जातो, म्हणून आधी एक फोन करा. सेटिंग आम्ही फोनवरच विनामूल्य सांगतो.

नवा कंट्रोलर आमच्याकडून घेतलात तर डिफरन्शियल तुमच्या चेंबरप्रमाणे लावून देतो आणि फरकाचा तक्ता दारावर चिकटवून जातो. जुन्याचे कॅलिब्रेशन डिसेंबरमध्येच उरकून घ्या. येताना कंट्रोलरसोबत त्याचा सेन्सरही आणा.