विहीर कुठे खणायची? कोकणातून भूशास्त्राकडे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि एप्रिल उजाडला की सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. मग एवढं पाणी जातं कुठे? याचं उत्तर आभाळात शोधण्यापेक्षा चिरेखाणीच्या भिंतीवर लवकर सापडतं.

चालू चिरेखाणीच्या काठावर उभं राहून समोरची उभी भिंत नीट बघावी. सगळ्यात वर कातळ. लोखंडाच्या ऑक्साइडने आवळलेलं हे काळपट तांबडं कवच, पावसाळ्यातल्या गवताफुलांपलीकडे त्यावर फारसं काही टिकत नाही. त्याखाली जांभा, ज्याचे चिरे निघतात तो. वेड्यावाकड्या भोकांनी आणि नळ्यांनी भरलेला, कापताना मऊ, उन्हावाऱ्यात पडला की टणक. आणखी खाली रंग पिवळा, पांढुरका, जांभळट होत जातो आणि दगडाची जागा चिकणमाती घेते. तिच्याखाली कुजत आलेला काळा दगड, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे, आणि तळाशी अभंग, न कुजलेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा दगड. वरचा जांभा बहुतेक ठिकाणी या खालच्या बेसॉल्टचाच झालेला असतो. पावसाने लाखो वर्षं त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. दापोली-मंडणगडकडच्या सड्यांवर बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) मिळतं तेही याच धुलाईचं देणं.

आता पाण्याचा हिशेब लागतो. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झपाट्याने खाली उतरतं, चिकणमातीपाशी अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. तिथून पऱ्या, पऱ्यातून नदी, नदीतून खाडी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात अंतरच इतकं थोडं की पाण्याला रेंगाळायला जागा नाही. म्हणून सड्याच्या मधोमध मारलेली बोअर अनेकदा कोरडी जाते, आणि कडेला, झऱ्याच्या वाटेवर खणलेली बाव (विहीर) उन्हाळ्यात तग धरते. अनुभवी पाणाड्याला हे ठाऊक असतं. मात्र त्याचं कसब हातातली काडी फिरण्यात नसून उतार आणि झाडं ओळखण्यात असतं, असं माझं मत. भूशास्त्राचा विद्यार्थी तेच मोजून काढतो. जमिनीत एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमध्ये विद्युतदाब मोजायचा. ओल्या चिकणमातीतून वीज सहज जाते, कोरडा अभंग बेसॉल्ट तिला अडवतो. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो.

हे काम करणारं सरकारी खातं महाराष्ट्रात आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास ते उभं राहिलं. राज्यभरातल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजायची, कुठे विंधन विहीर घ्यावी आणि कुठे घेऊ नये ते सांगायचं, हे त्याचं रोजचं काम. तिथल्या भूवैज्ञानिकांची भरती महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, ही रड आहेच.

पण आपल्याकडे बारावी सायन्सनंतर भूशास्त्राचा विषय घरात काढून बघा. ‘दगडं शिकून करणार काय?’ हा प्रश्न ठरलेला. तेव्हा आधी शिकवतात काय ते सांगतो.

पहिल्या वर्षी खनिजं हातात घेऊन ओळखायची असतात. कठीणपणा किती, पोर्सेलीनच्या फरशीवर घासल्यावर रेघ कोणत्या रंगाची उमटते, फुटताना कोणत्या दिशेने फुटतं. मग सूक्ष्मदर्शक. दगडाचा तुकडा काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासतात. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट बेसॉल्टही पारदर्शक होतो. ध्रुवित प्रकाशात त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या करड्या-पांढऱ्या काड्या आणि मध्ये पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचे निळे, पिवळे, गुलाबी कण दिसतात. कण मोठे असतील तर लाव्हा सावकाश निवाला, बारीक असतील तर भराभर, हे तिथेच वाचता येतं. ज्या मुलाला हे बघताना वेळेचं भान राहत नाही त्याने हा विषय घ्यावा. ज्याला कंटाळा येतो त्याने ‘स्कोप आहे’ म्हणून घेऊ नये.

खरं शिक्षण मात्र बाहेर. हातोडी, भिंग, थरांचा कल मोजणारं होकायंत्र, विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली (चुनखडक असेल तर थेंब टाकताच फसफसतो) आणि वही. या बाबतीत कोकणातला विद्यार्थी नशीबवान. पनवेलच्या परिसरात एरवी जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला वाकलेले दिसतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हा लाव्हा वाहिला आणि त्यानंतर काही काळाने आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटून गेला. किनाऱ्याच्या घडणीत त्या फाटण्याचा वाटा मोठा. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खाली उतरलं की लाटांनी सपाट तासलेला खडकाचा ओटा आणि खारट तुषारांनी कोरलेली जाळी दिसते. राजापूर ओलांडून कणकवलीकडे निघालं की बेसॉल्टची सद्दी संपत जाते. सिंधुदुर्गात पट्टिताश्म (उष्णतेने आणि दाबाने बदललेले पट्टेदार खडक) आहेत, अडीचशे कोटी वर्षांहून जुने. कासार्ड्याची सिलिका वाळू, रेडीचं लोहखनिज ही त्या बाजूची श्रीमंती. एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात पृथ्वीच्या इतक्या वेगवेगळ्या वयांवरून जाता येईल असे जिल्हे महाराष्ट्रात मोजकेच.

आता नोकऱ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ साली कोलकात्यात सुरू झालेली संस्था आजही या विषयातली सगळ्यात मोठी दारं उघडते. तिच्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोग संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा घेतो: पूर्व, मुख्य, मुलाखत. केंद्रीय भूजल मंडळाचे शास्त्रज्ञही याच परीक्षेतून जातात. अट पदव्युत्तर पदवीची. हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं, कारण नुसत्या बी.एस्सी.वर खाणीत किंवा ड्रिलिंगच्या जागी नमुने नोंदवण्याचं काम मिळतं, त्यापुढची शिडी एम.एस्सी.शिवाय चढता येत नाही. पाच वर्षांची तयारी ठेवूनच यात उतरावं.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कामात कोकणाला जवळचं काम दरडींचं. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, ८०हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. दरड सुटण्याची कारणं दोन्हीकडे साधारण सारखी: तीव्र उतार, अभंग बेसॉल्टवर बसलेला कुजलेल्या दगडमातीचा जाड थर, आणि काही दिवसांत कोसळलेला अफाट पाऊस. पाणी मुरत जातं तसं कणांमधलं पाण्याचं दडपण वाढतं, घर्षण कमी होतं आणि सगळा थर सुटतो. कोणता उतार धोक्याचा, याचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर सर्वेक्षणाने देशभर तयार केले आहेत. पण त्या प्रमाणावर नकाशातला एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर. एवढ्यात आख्खी वाडी मावते. वाडीतलं कोणतं घर हलवायचं हे सांगायला माणसाला पायी तिथे जावं लागतं, भेगा बघाव्या लागतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं का ते गावकऱ्यांना विचारावं लागतं. अशी माणसं प्रत्येक तालुक्याला हवीत, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात निकडीची रिकामी जागा हीच.

बोगदे आणि रस्ते हे दुसरं मोठं क्षेत्र, तेही जास्त करून खाजगी. कोकण रेल्वेला नव्वदहून अधिक बोगदे खणावे लागले. मुंबई-गोवा महामार्गाला कशेडीचा बोगदा आणि परशुराम घाटाची कटाई. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो, वरून अजिबात न कळणारा. बोगदा त्यात शिरला की छत धरत नाही. म्हणून आधी भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या बाहेर काढायच्या, पेटीत ओळीने मांडायच्या आणि कुठे किती तुकडे पडले ते मोजायचं. काम कंटाळवाणं आहे, पण पगार वेळेवर होतो.

तेल हवं असेल तर ओएनजीसी. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं ते समुद्राच्या तळाखालच्या चुनखडकात. भूभौतिकीकडे (भौतिकशास्त्राने पृथ्वीचा अभ्यास) वळायचं असेल तर अलिबाग आठवावं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी ती अलिबागला हलवली. १९०४पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होते आहे, आणि ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे. घाट चढून पलीकडे गेलं की कोयना. ११ डिसेंबर १९६७च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथला अभ्यास थांबलेला नाही. खोल भोकांतून भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या कराडच्या प्रयोगशाळेच्या कामात तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइटी खडक लागले.

मुलींच्या घरच्यांचा एक आक्षेप असतो, खाणीत मुलीला कोण घेणार? खाण कायद्याने भूमिगत कामाला स्त्रियांना मज्जाव होता खरा, पण २०१९ साली केंद्र सरकारने काही अटींवर तो उठवला.

शिकायचं कुठे? मुंबईत झेवियर्स, पुण्यात फर्ग्युसन, पुढे पुणे विद्यापीठ किंवा आयआयटी मुंबई. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांनी मुंबईकडे बघण्याआधी गोव्याकडे बघावं: पणजीचं धेंपे, मडगावचं चौगुले, आणि दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकाच्या मोहिमा तिथून आखल्या जातात. बारावीला गणित सोडू नये, भूभौतिकीची वाट त्याशिवाय अडते. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम, पुढची गेट आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाची भू-वैज्ञानिक पूर्वपरीक्षा या तिन्ही साधारण फेब्रुवारीत येतात, तेव्हा फील्डची वही दिवाळीच्या आतच पूर्ण करून ठेवावी.