२,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दोनच्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी ही दहा अंकी संख्या मूळ आहे. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांच्यावरून मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यांत हिचा क्रमांक आठवा. घातांक मूळ असला म्हणजे झाले, असे मात्र नाही. २९ मूळ आहे, तरी दोनच्या २९व्या घातातून १ वजा केल्यास येणाऱ्या संख्येला २३३ ने भाग जातो.

मेर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ हा घातांक होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, तेव्हा तिच्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. ३१ ची खात्री स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये पटवली. सरळ मार्गाने जायचे तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ४६,३४० पर्यंतच्या, साऱ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, आणि त्या ४,७०० हून अधिक आहेत. ऑयलर यांनी दाखवले की या संख्येचा कोणताही मूळ विभाजक घ्या, त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. या चाळणीतून शंभरही मूळ संख्या खाली पडत नाहीत. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही.

हिला दोनच्या ३०व्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही, कारण नुसत्या कुतूहलापायी एवढी मेहनत कोण घेणार, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले. माणसाच्या हौसेचा त्यांचा अंदाज साफ चुकला. फ्रेंच गणिती एद्वार लुका यांनी १८७६ मध्ये १२७ हा घातांक हाताने तपासून ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली.

संगणकात या संख्येला मान आहे तो वेगळ्याच कारणाने. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यास, ती म्हणजे ओळीने ३१ वेळा १. धन-ऋण चिन्हासाठी एक बिट (० किंवा १ ची एक जागा) राखून ठेवणाऱ्या ३२ बिटांच्या जागेत याहून मोठा पूर्णांक मावत नाही. आणखी १ मिळवला की बहुधा उत्तर थेट ऋण होते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ही मर्यादा गाठतील. यात मूळ असण्या-नसण्याचा काही संबंध नाही.

मूळ असणे आणि ३२ बिटांत मावणे हे दोन्ही गुण एकत्र उपयोगी पडतात ते यादृच्छिक भासणाऱ्या संख्या तयार करताना. हातातल्या संख्येला १६,८०७ ने, म्हणजे सातच्या पाचव्या घाताने, गुणायचे, २,१४,७४,८३,६४७ ने भागायचे आणि बाकी पुढे वापरायची. भाजक मूळ आणि गुणक नेमका निवडलेला, त्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय पहिली संख्या परत येत नाही.